दुसऱ्या ओळीवाल्या बाई

त्यांना नावाने हाक मारणारं घराबाहेर कोणी उरलं नव्हतं. त्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दिसल्या की काउंटरवरून आत आवाज जायचा, "दुसऱ्या ओळीवाल्या बाई आल्या हो!" मग डॉक्टर पेशंटच्या पाठीवरचा स्टेथोस्कोप न उचलताच म्हणायचे, "भरली म्हणावं. दुसरी ओळ भरली. पहिलीसुद्धा भरली. आता कुंडलीही लिहून देऊ का?"

विमा कंपनीच्या अर्जात दोन ओळी असायच्या. पहिली ओळ लशीच्या किमतीची, दुसरी लस टोचण्याच्या मोबदल्याची. दुसरी ओळ बारीक टाइपात, पानाच्या अगदी तळाशी, चुकून राहून गेल्यासारखी छापलेली. निम्मे डॉक्टर ती बघत नसत. उरलेल्यांना वाटे, एक सुई टोचायचे वेगळे पैसे काय मागायचे, बरं दिसत नाही. ती ओळ कोरी असली की अर्ज अपूर्ण ठरे, आणि अख्खा अर्ज दीड महिन्याने परत येई. लशीचे पैसेही गेले आणि टोचल्याचेही. म्हणून बाई दारातूनच विचारायच्या, "दुसरी ओळ भरली का?" रामराम नंतर.

लहान मुलांच्या लशी सरकारकडून येत. त्यांची काळजी घ्यायला सगळे होते. मोठ्या माणसांची फ्लूची लस मात्र कोणाचीच नव्हती. डॉक्टरांनी ती स्वतःच्या पैशाने विकत घ्यायची, लस भरूनच आलेल्या दहा सिरिंजांचा बॉक्स, पैसे आधी. फ्रीजमध्ये ठेवायची. म्हातारीकोतारी येतील तशी टोचायची, मग विम्याकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची. हंगाम संपला की उरलेल्या सिरिंजा कचऱ्यात. ज्याचा दवाखाना एका खोलीचा आणि बाहेर दोन बाकं, त्याने ही पदरमोड का करावी? बहुतेकांनी हात वर केले होते. "लस हवी असेल तर मोठ्या हॉस्पिटलात जा," असं ते पेशंटला सांगत. पेशंट हो म्हणत आणि घरी जात.

हे बाईंना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या एकोणीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसल्या होत्या. विमा कंपनीत. अर्ज तपासायचा आणि 'नामंजूर'चा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. लग्न झालं होतं, तीन वर्षांत मोडलं. कोणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "तोही अर्ज नामंजूर झाला. दुसरी ओळ कोरी होती." समोरचा हसायचा. त्या हसायच्या नाहीत.

एक दिवस एक डॉक्टरीणबाई थेट त्यांच्या टेबलाशी आल्या. चार वेळा परत गेलेला अर्ज त्यांनी ठेवला आणि त्याच्यावर पुठ्ठ्याचा बॉक्स ठेवला. आत मुदत संपलेल्या आठ सिरिंजा होत्या. "या आता तुम्हीच टोचून घ्या," एवढंच बोलून त्या गेल्या. तो बॉक्स बाईंच्या टेबलावर संध्याकाळपर्यंत होता. कोणी उचलला नाही, त्यांनीही नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी राजीनामा दिला आणि लहान दवाखान्यांच्या संघात निम्म्या पगारावर रुजू झाल्या. संघाचे अध्यक्ष म्हणाले, "चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. या बाई आपल्याला हव्यातच."

सहा वर्षांत त्यांनी एकेचाळीस दवाखाने लस ठेवायला उभे केले. सगळ्यांची मागणी एकत्र करून एकच मोठी ऑर्डर द्यायची, म्हणजे भाव उतरतो. ज्याला दहा डोस झेपत नाहीत त्याला चार द्यायचे, उरलेले सहा शेजारच्या दवाखान्याला. न वापरलेले डोस ठरलेल्या तारखेआधी परत घ्यायला त्यांनी पुरवठादाराला कबूल करून घेतलं होतं. त्यासाठी त्या त्याच्या ऑफिसात सलग चार दिवस डबा घेऊन बसल्या होत्या. आणि प्रत्येक नव्या काउंटरवाल्या माणसाला त्या स्वतः शेजारी बसून अर्ज भरायला शिकवायच्या.

शिकवायची त्यांची एक पद्धत होती. कोऱ्या अर्जावर बोलून काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. खराखुरा अर्ज खऱ्या माणसाच्या माहितीने भरून दाखवायचा. माणूस साठीच्या वरचा हवा, विमा असलेला हवा. अशा एकाच माणसाचा सोळा आकडी विमा क्रमांक बाईंना तोंडपाठ होता. त्यांच्या वडिलांचा. म्हणून एकेचाळीस दवाखान्यांत नमुन्याच्या अर्जावर अण्णांचंच नाव लिहिलं गेलं होतं. नाव, वय, क्रमांक, लस दिल्याची तारीख म्हणून त्या दिवसाची तारीख, पहिली ओळ, दुसरी ओळ. भरून झालं की बाई पट्टी घेऊन कोपऱ्यातून कोपऱ्यात एक तिरकी रेघ मारायच्या आणि वर लिहायच्या, 'नमुना'.

अण्णांना हे माहीत होतं. "माझ्या नावावर किती लशी खपवल्यास गं आतापर्यंत?" ते विचारायचे.

"एकेचाळीस."

"मग मी आता मरत नाही."

अण्णा एका कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, पट्टे, बेअरिंग, ग्रीसचे डबे. वहीत सही केल्याशिवाय त्यांनी खुद्द मालकाला एक वॉशर दिला नव्हता, आणि ही गोष्ट ते दर आठवड्याला सांगायचे, प्रत्येक वेळी मालक थोडा अधिक संतापलेला असायचा. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "वहीत आहे ते आहे. डोक्यात आहे त्याचा भरवसा नाही."

गेली दोन वर्षं ते वाक्य त्यांच्याच अंगावर आलं होतं. सकाळची गोळी ते दोनदा घेत. जेवून उठले की अर्ध्या तासाने ताटाशी येऊन बसत. बाईंनी मग स्वयंपाकघराच्या खिळ्याला दोरीने एक वही टांगली. तारीख, आणि खाली दिवसभरात जे होईल ते. गोळी घेतली. अंघोळ झाली. जेवण झालं. बाई घरी असल्या की त्या लिहीत, नसल्या की अण्णा. संध्याकाळी बाई त्या दिवसाचं पान वाचून प्रत्येक नोंदीपुढे बरोबरची खूण करत. अण्णांना यात कमीपणा वाटला नाही. उलट वही आल्यावर ते पुन्हा ताठ बसू लागले. "जेवलो का मी?" असं विचारायच्या ऐवजी ते उठून वहीपाशी जात, चष्मा लावत, बोट फिरवत, आणि मुलीचं अक्षर दिसलं की मान हलवत. "जेवलोय," ते स्वतःलाच सांगत. भूक लागलेली असली तरी पुन्हा जेवायला बसत नसत.

त्या वर्षी लस आली तेव्हा पहिले बॉक्स दमेकऱ्यांना आणि हृदयाच्या पेशंटना जायचे ठरले होते. अण्णांचं नाव घराजवळच्या दवाखान्यात तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी होतं, अकरा वाजता. संघाचे एकजण म्हणालेही, "अहो, वडिलांना आधी टोचून घ्या ना, तुम्हाला कोण विचारतंय?" बाईंनी नकार दिला. अण्णांनीही. "रांग म्हणजे रांग," ते म्हणाले. "नाहीतर मालकाला वॉशर दिला असता की."

तो दवाखाना कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा. जिभेने तिखट, मनाने बरा माणूस. "म्हाताऱ्यांना सुई टोचायची, पुरवठादाराला पैसे मोजायचे आणि विम्याच्या दारात कटोरा घेऊन उभं राहायचं. मी डॉक्टर आहे की जामीन?" असं ते पहिल्या वर्षी म्हणाले होते, आणि तरी दहा डोस घेतले होते. दोन वर्षं त्यांचे निम्मे अर्ज परत आले. या वर्षी त्यांनी काउंटरवर आपल्या थोरल्या भावाची बायको बसवली. भाऊ अंथरुणाला खिळलेला, घरात मिळवतं कोणी नाही. डॉक्टर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून सगळा मोहल्ला वहिनी म्हणू लागला. वहिनी पन्नाशीच्या, आयुष्यात पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या. सांगितलेलं तंतोतंत करायच्या. एक टाचणी कमी नाही, एक टाचणी जास्त नाही.

त्याच तिसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी बाई वहिनींना शिकवायला बसल्या.

"हे बघा वहिनी, इथे नाव. इथे क्रमांक, सोळा आकडे, मोजून घ्यायचे. इथे तारीख. ही पहिली ओळ."

"आणि ही दुसरी," वहिनी म्हणाल्या. "तिच्याबद्दल ऐकलंय. भाऊजी झोपेत बडबडतात."

बाईंनी दुसरी ओळ भरली. पट्टी उचलली. तेवढ्यात फोन वाजला. नदीपलीकडच्या दवाखान्यातून. रात्रभर वीज नव्हती आणि आता फ्रीजचा काटा वर चढत होता. "बाई, साताच्या पुढे गेलाय! आठला टेकतोय!" आठ अंशांच्या वर गेलं की लस वाया. बाईंनी पट्टी ठेवली, बर्फाची पेटी उचलली, आणि "वहिनी, यादीतले बाकीचे नऊ अर्ज याच्यासारखेच तयार ठेवा, लस टोचली की तारीख घाला," असं पायऱ्या उतरतानाच ओरडून गेल्या.

त्यांनी नदीपलीकडचे तेरा डोस वाचवले. संध्याकाळी त्या खुशीत होत्या. अण्णांना पेटीत बर्फ कसा रचला ते हातवारे करून सांगितलं. अण्णा म्हणाले, "स्टोअरकीपरची मुलगी आहेस."

वहिनींनी बाकीचे नऊ अर्ज त्याच्यासारखेच तयार केले. बुधवारी आठवड्याचा गठ्ठा पाठवायचा दिवस. टोचून झालेले चार अर्ज होते, तारखा घातलेले. पाचवा बाईंच्या हातचा, त्याच्यावरही तारीख होती. वहिनींनी पाच अर्ज डॉक्टरांपुढे ठेवले. बाहेर अकरा पेशंट खोकत होते. डॉक्टरांनी पाच सह्या केल्या. पाचही नावांच्या कार्डांवर वहिनींनी नियमाप्रमाणे लिहिलं: लस दिली. आणि बाईंच्या अर्जाची झेरॉक्स अण्णांच्या कार्डाला टाचली.

गुरुवारी पावणेअकराला अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात आले. बाही आधीच वर दुमडलेली. बाई त्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला होत्या, आणि दवाखाना घरापासून साठ पावलांवर होता. अण्णांनी ती मोजली होती. पुढे काय झालं ते वहिनींनी नंतर बाईंना शब्दन् शब्द सांगितलं.

"आजोबा, तुमची तर झाली की लस," वहिनी म्हणाल्या. "सोमवारीच."

"सोमवारी? मला तर आज बोलावलंय."

"हे काय कार्ड. तारीख आहे, सही आहे. बाईंनी स्वतः भरलाय अर्ज."

अण्णांनी चष्मा लावला. टाचलेल्या कागदावरून बोट फिरवलं, ओळीओळीने. नाव. क्रमांक. तारीख. वहिनी सांगतात, ते बराच वेळ बघत होते. मग त्यांनी मान हलवली.

"माझ्या मुलीचं अक्षर आहे," ते म्हणाले. "म्हणजे झालीच असणार. माझ्या डोक्याचं काही खरं नाही हो. उगाच तुमचा वेळ घेतला."

"अहो, वेळ कसला. दोनदा टोचली असती म्हणजे?"

"मग दोनदा बिल लावावं लागलं असतं," अण्णा म्हणाले. "आणि दुसऱ्या ओळी दोन." वहिनी खूप हसल्या. अण्णांनी बाही खाली केली, बटण लावलं आणि साठ पावलं चालून घरी गेले.

संध्याकाळी बाईंनी वही वाचली. गुरुवारच्या तारखेखाली अण्णांच्या बारीक, सरळ अक्षरात होतं: दवाखान्यात जाऊन आलो. लस झाली. बाईंनी पुढे खूण केली.

"दंड दुखतोय का?"

अण्णांनी दंड चाचपून पाहिला. "थोडासा," ते म्हणाले.

"दुखणारच. दोन दिवसांत जाईल."

पाच आठवड्यांनी अण्णांना ताप आला. बाईंनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. डॉक्टरांनी छाती तपासली, कार्ड बघितलं. "फ्लूची साथ आहे, पण यांची लस झालीय. साधं सर्दीपडसं असेल. दोन दिवस बघू." बाईही म्हणाल्या, "हो, लस झालीय." अण्णा पलंगावरून म्हणाले, "झालीय. वहीत आहे." तीन शहाणी माणसं एका खोलीत, आणि तिघांचंही एकमत. दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी अण्णांचे ओठ निळसर दिसले. हॉस्पिटलात तपासणीत फ्लूच निघाला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, लस घेतली होती का? बाई म्हणाल्या, हो. "होतं असं कधीकधी," ते म्हणाले. "लस घेऊनही होतं. शंभर टक्के काही नसतं."

नवव्या दिवशी अण्णा गेले. ऑक्सिजनच्या मास्कमधून ते काहीतरी म्हणत होते. बाई कान जवळ नेत, पण शब्द लागत नव्हता. एकदा त्यांनी हाताने हवेत लिहिल्यासारखं केलं. बाईंनी पिशवीतून वही काढून दिली. त्यांनी ती छातीवर धरली आणि उघडली नाही.

सगळं उरकल्यावर बाई आठव्या दिवशी कामावर गेल्या. एक वाक्य त्या सगळ्यांना सांगत होत्या: लस घेऊनही होतं, शंभर टक्के काही नसतं. हे वाक्य त्यांना पुरत होतं. त्याच्यावर त्यांना झोप लागत होती. अण्णांसाठी करायचं ते सगळं केलं, रांग मोडली नाही, तरी व्हायचं ते झालं. दुःख होतं, पण त्याला बसायला जागा होती.

मग उरलेले डोस परत करायची तारीख जवळ आली आणि बाई एकेका दवाखान्यात मोजणीला निघाल्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कागदावर सगळं चोख होतं. दहा घेतले, दहा दिले, दहा अर्ज, दहाही मंजूर. तीन वर्षांत त्या दवाखान्याचं असं पहिल्यांदाच जुळलं होतं. डॉक्टरांनी चहा मागवला. "बघा बाई, आमच्या वहिनींनी विमा कंपनीला नाक घासायला लावलं."

तरी बाईंनी फ्रीज उघडला. कागद चोख असला तरी फ्रीज उघडायचा, हा त्यांचाच नियम होता. वरच्या कप्प्यात, पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये, एक सिरिंज होती.

"ही कोणाची?"

वहिनी वाकून बघू लागल्या. "अगंबाई. जास्तीची आली असेल."

"पुरवठादार जास्तीचा दोरासुद्धा देत नाही, वहिनी."

"मग कोणीतरी राहिलं असेल. पण सगळ्यांची कार्डं..."

बाईंनी दहा अर्जांच्या झेरॉक्स मागितल्या. टेबलावर एकेक ठेवत गेल्या. वहिनींचं गोल, सावध अक्षर. दुसरा, वहिनींचं अक्षर. तिसरा. चहा आला. चौथा. पाचव्यावर त्यांचा हात थांबला. ते अक्षर त्यांचं होतं. तारीख सोमवारची. सोमवारी अण्णा घराबाहेर पडले नव्हते. कोपऱ्यातून कोपऱ्यात जिथे रेघ असायला हवी होती तिथे कागद कोरा, स्वच्छ होता.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "गुरुवारी अण्णा आले होते ना? काय झालं होतं तेव्हा? नीट आठवून सांगा."

वहिनींनी हसत सांगायला सुरुवात केली, कारण ती हसायचीच गोष्ट होती. दोनदा बिल आणि दोन दुसऱ्या ओळी इथपर्यंत त्या हसत होत्या. मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग फ्रीजकडे. आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

डॉक्टर उठून दार लावून आले. फ्रीजचं दार उघडंच राहिलं होतं आणि तो घरघरायला लागला होता. बाईंनीच ते बंद केलं.

"बाई, माझंही चुकलं," डॉक्टर म्हणाले. "मी न वाचता सही केली. आणि त्या दिवशी घरी आलो तेव्हा कार्डच बघत बसलो."

"तुम्ही कार्डावर विश्वास ठेवलात. आम्ही तुम्हाला तेच शिकवलं."

"आता काय करायचं?"

"अर्ज मागे घ्यायचा. न दिलेल्या लशीचे पैसे आलेत."

डॉक्टर खुर्चीच्या कडेवर टेकले. "तुम्ही एकोणीस वर्षं तिथे होतात. मी तुम्हाला काय सांगायचं? एक खोटा अर्ज सापडला की ते एकेचाळीस दवाखाने उकरतील. निम्मे डॉक्टर म्हणतील, नको ती लस आणि नको ती कटकट. पुढच्या वर्षी किती म्हातारे कोरडे राहतील, मोजा. आणि वहिनींनी घरी बसायचं का? दादाची औषधं..." ते थांबले. "सिरिंज कचऱ्यात टाकू. पैसे मी दान करतो कुठेतरी. अण्णा काही परत यायचे नाहीत."

"भाऊजी, माझ्यामुळे काही लपवू नका," वहिनी म्हणाल्या. "मी विचारायला हवं होतं. एक फोन करायला हवा होता. त्यांची बाही वर केलेली होती हो, बाई. घरूनच वर करून आले होते."

बाईंनी तो अर्ज, मूळ कागद, फायलीतून मागून घेतला. डॉक्टर म्हणत होते त्यातला शब्दन् शब्द खरा होता. हे सगळं उभं करायला सहा वर्षं गेली होती आणि मोडायला सहा दिवस पुरले असते. आणि आणखी एक गोष्ट होती, ती डॉक्टरांना ठाऊक नव्हती. अर्ज तसाच राहिला तर ते वाक्यही राहणार होतं: लस घेऊनही होतं, शंभर टक्के काही नसतं. त्याच्यावर आयुष्यभर झोप लागली असती. कोणी विचारलं नसतं. अण्णांची लस झालेली होती, सरकारदरबारी, विम्यात, कार्डावर, वहीत. ती झालेली नव्हती, याचा सगळ्या जगात एकच पुरावा होता आणि तो या फ्रीजमध्ये होता.

"पट्टी द्या," त्या म्हणाल्या.

त्यांनी कोपऱ्यातून कोपऱ्यात रेघ मारली. वर लिहिलं, नमुना. मग दावा मागे घेण्याचा अर्ज घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: लस दिलेली नाही. हा शिकवण्यासाठी भरलेला नमुना होता. तो रद्द करायचा राहिला. चूक माझी, दवाखान्याची नाही. खाली सही केली. डॉक्टर बघत राहिले. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि या वेळी पूर्ण अर्ज वाचून सही केली.

तपासणी झाली. विमा कंपनीची दोन माणसं तीन आठवडे एकेचाळीस दवाखाने फिरली. त्यातला एकजण पूर्वी बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याने नजर वर केली नाही. दुसरा खोटा अर्ज सापडला नाही. तरी सात डॉक्टरांनी लस ठेवणं बंद केलं. संघाने बाईंना काढलं नाही, पण शिकवायचं काम दुसऱ्याला दिलं. वहिनी काउंटरवर राहिल्या. आता कोणी म्हातारं माणूस आलं की त्या कार्ड मिटून ठेवतात आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून विचारतात, "आजोबा, तुम्हाला आठवतं का टोचलेलं?" कोणी म्हणालं, काय माहीत बुवा, तर त्या घरी फोन लावतात. रांग खोळंबते. डॉक्टर ती खोळंबू देतात.

दोन महिन्यांनी घरी पत्र आलं. विमा कंपनीचं, छापील, अण्णांच्या नावे. आपल्या नोंदीत दुरुस्ती करण्यात आली आहे. उपलब्ध माहितीनुसार आपण या हंगामातील फ्लूची लस घेतलेली नाही. आपण या लशीसाठी पात्र आहात. कृपया आपल्या जवळच्या दवाखान्याशी लवकरात लवकर संपर्क साधावा.

बाईंनी ते उभ्यानेच वाचलं. असली पत्रं त्यांच्याच हाताखालून जायची. मजकूर त्यांना पाठ होता. पत्र कुठेतरी ठेवायला हवं होतं. त्यांनी खिळ्यावरची वही काढली. त्या गुरुवारच्या पानात ते ठेवून द्यावं, असं त्यांच्या मनात आलं.

गुरुवार शोधताना सोमवार आला. सोमवारचं पान अर्धं त्यांच्या अक्षरातलं, अर्धं अण्णांच्या, प्रत्येक नोंदीपुढे त्यांची खूण. गोळी घेतली. अंघोळ झाली. जेवण झालं. संध्याकाळी नदीपलीकडची गोष्ट सांगितली. आणि अंघोळ आणि जेवण यांच्या मधल्या जागेत, दोन ओळींच्या फटीत, दुसऱ्या पेनाने, स्टोअरच्या वहीत बसवावं तसं बारीक, एक वाक्य बसवलेलं होतं. ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्या सोमवारच्या पानावर पुन्हा कधी आल्याच नव्हत्या.

लस घेतली. नोंद राहिली होती, गुरुवारी घातली.

शेजारी अण्णांची आद्याक्षरं होती, छत्तीस वर्षं दुरुस्तीपुढे करायचे तशी.

म्हणजे ते घरी येऊन वहीपाशी गेले होते. सोमवारचं पान उघडून त्यांनी वरून खालपर्यंत बोट फिरवलं होतं. लस तिथे नव्हती. त्यांची वही बरोबर होती, आणि ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. एक पेन उचलून त्यांनी ती वही मुलीच्या कागदाप्रमाणे दुरुस्त केली होती.

बाई खाली बसल्या. त्या नोंदीपुढे खूण नव्हती. संध्याकाळ होत आली होती, आणि या वेळेला त्या रोज पान वाचून खुणा करत असत. वही मांडीवर उघडी होती. पेन दोरीला लोंबत होतं. त्यांनी ते धरलं आणि धरूनच बसल्या.